तफावतीचं कारण

१२ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र फाडण्याआधी पहिल्या चार ओळी वाच. नंतर खुशाल फाड, मी कुठे बघायला येणार आहे!

भिंगरीला दिवस मावळल्यावर स्कूटर चालवू देऊ नकोस. तिच्या नजरेत काहीतरी दोष आहे. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, चष्म्याच्या दुकानात नको, चांगल्या मोठ्या डॉक्टरकडे. आणि त्यांना सांग की समोरचं नाही, कडेचं तपासा. अंधारातलं तपासा.

चारच्या पाच ओळी झाल्या असतील. मोजण्यात जन्म गेला माझा आणि स्वतःचं काही धड मोजता येत नाही.

दोन वर्षं तोंड शिवून बसलो होतो. आज लिहितोय, कारण परवा आमच्या मैदानावरचे माळीबुवा मोठ्या कौतुकाने सांगत आले, 'अहो, तुमची पुतणी दिसली. औषधांच्या दुकानाचं जाकीट, मागे डबा, भुर्रकन गेली चौकातून. कामाला लागली पोरगी!' मी विचारलं, किती वाजले होते? म्हणाले, दिवे लागले होते की. मी तसाच पाठ फिरवून आत गेलो. म्हाताऱ्याला वाटलं मला आनंद झाला नाही, तर तेच रुसून बसले.

तुझा फोन एकदा वाजून कटतो. माझा नंबर तू काय केलायस ते कळतं मला. वहिनींना केला तर 'हे घरात आहेत' एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग पत्राशिवाय काय उरतं?

तू म्हणशील, हा कोण मोठा डॉक्टर लागून गेला. पोरीचं वाटोळं करून झालं, आता डोळ्यांच्या मागे लागलाय. म्हण. तुझा हक्कच आहे. पण दिवस लहान होत चाललेत, दादा. गेल्या महिन्यात सातला अंधार पडायचा, आता साडेसहालाच पडतो, आणि औषधं पोचवायची वेळ नेमकी तीच.

एकदा तू मला विचारलं होतंस, आठवतं का? दुकानात काजं करत बसला होतास. वर न बघता म्हणालास, 'पोरगी हल्ली फार धडपडते रे. सुई खाली पडली तर पायाशी असून सापडत नाही तिला. काल चौकटीला खांदा आपटला. डोळे दाखवू या का?' मी हसलो होतो. म्हणालो, 'अरे, आमच्या फुटबॉलच्या केंद्रात वर्षातून दोनदा तपासतात. सगळ्यांत खालची ओळ घडाघडा वाचते. तिचे डोळे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत.' मी खोटं बोललो नव्हतो. ती खरंच वाचायची. पण तक्ता समोरच्या भिंतीवर असतो, कडेच्या भिंतीवर कुणी लावत नाही. गाडीच्या परवान्यालाही तोच तक्ता वाचायला लावतात.

तेव्हा तू तुझं ऐकलं असतंस तर बरं झालं असतं. तू माझं ऐकलंस.

धाकटा


१९ ऑक्टोबर

दादा,

आठवडा झाला, उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण मी ओतणार. माझा हट्ट तुला लहानपणापासून माहीत आहे.

पुरावा पाहिजे ना तुला? घे.

तू गिऱ्हाइकांना सांगायचास, 'मी टेप लावतो कापड बेतायला, धाकटा लावतो पोरं बेतायला.' मी चिडायचो, पण त्यात चूक काय होतं! फुटबॉलच्या केंद्रात पंधरा वर्षं मी तेच करतोय. तीस मीटर किती सेकंदांत धावली, जागेवरून किती उंच उडाली, शिट्टीच्या तालावर किती फेऱ्यांनी दम लागला. त्यावरून मी दहापैकी एक आकडा देतो, की ही पोरगी पुढे कुठवर जाईल. त्याला आम्ही कुवत म्हणतो. प्रशिक्षकबाई सामने बघून दुसरा आकडा देतात, की ती प्रत्यक्षात कशी खेळली. दोन आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक पडला की फॉर्मवर खाली एक चौकट भरावी लागते. तिचं नाव 'तफावतीचं कारण'. चार पर्याय छापलेले आहेत. दुखापत, घरची अडचण, शिस्त, स्वभाव. एकावर खूण करायची आणि सही ठोकायची.

भिंगरीची कुवत मी नऊ लावली होती. पंधरा वर्षांत तिघांनाच मी नऊ दिले. केंद्रात कुजबुज झाली, पुतणी आहे म्हणून. मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं, म्हटलं धाववा तुम्हीच. धाववलं, आणि घड्याळ परत माझ्या हातात आणून दिलं.

पण खेळ? कधी आठ, कधी चार. प्रशिक्षकबाई कपाळाला हात लावायच्या. 'ही एक पोरगी आहे का दोन?' एका रविवारी भर उन्हात तिने तिघींना चुकवून असा गोल मारला की समोरच्या संघाची गोलरक्षकसुद्धा हसली. आणि त्याच आठवड्यात, दिव्याखालच्या सामन्यात, मोकळा गोल समोर, चेंडू डावीकडून अगदी आरामात घरंगळत आलेला, आणि ही नुसती उभी. चेंडू पायाला लागला तेव्हा केवढ्याने दचकली! लोक हसले. मीही लाजेने खाली बघितलं होतं, हे आज कबूल करतो.

गेल्या महिन्यात एक नवी फिजिओ मुलगी कामाला आली. तिला मान मोजायला शिकवायचं होतं. चेंडू पायात येण्याआधीच्या दहा सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो, तेही आम्ही मोजतो. चांगली खेळाडू चार-पाच वेळा बघते. भिंगरी सात-आठ वेळा. मी अहवालात लिहिलं होतं, 'मैदान वाचण्याची उपजत जाण.' ते वाक्य मला फार आवडलं होतं, चार बैठकांत वाचून दाखवलं होतं मी. तर त्या मुलीसमोर भिंगरीचं जुनं चित्रीकरण लावलं. म्हटलं, बघ, याला म्हणतात डोकं.

तिने दोन सामने पाहिले. मग म्हणाली, 'सर, चेंडू कडेने आला की ही दचकते का?'

मी म्हटलं, घाबरट होती पोरगी.

'पण समोरून अंगावर आलेल्यांना तर जरासुद्धा घाबरत नाही. त्या मोठ्या पोरीला सरळ भिडली की!'

झालं. मी तिला चहा प्यायला पाठवलं आणि माझ्या वह्या काढल्या. दादा, तीन वर्षांच्या वह्या. प्रत्येक सामन्याच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात सुरुवातीची वेळ, आणि खाली तिचे गुण. दुपारचे चौदा सामने, सरासरी आठाला टेकलेली. दिव्याखालचे एकोणीस, आणि एकातही पाचाच्या वर नाही. दोन्ही रकाने एकाच पानावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वेळ आणि गुण शेजारी-शेजारी ठेवून बघायची बुद्धी मला तीन वर्षांत एकदा झाली नाही.

संध्याकाळी मैदानावर गेलो. तक्त्यांचे कागद ज्या पुठ्ठ्याच्या नळीत येतात, तिचे दोन तुकडे कापून डोळ्यांना धरले आणि माळीबुवांना म्हटलं, बाजूने चेंडू लोटा. ते म्हणाले, 'साहेब, बरं वाटतंय ना?' पण लोटला. पायाला लागेपर्यंत मला दिसला नाही. मी केवढ्याने उडालो! माळीबुवा हसून हसून बेजार.

हसले तेव्हा मला राग आला, दादा. पुठ्ठा फेकून दिला मी. माझा नुसता पुठ्ठा होता म्हणून फेकता आला.

त्या चौकटीत मी 'स्वभाव'वर खूण केली होती. सलग सहा वेळा. तूच सांग, दुसरं काय करणार होतो? डोळे हा पर्यायच नव्हता. नाही, हे लिहून वाचलं आणि मलाच किळस आली. खोडत नाही, राहू दे.

तिला डॉक्टरकडे ने.

धाकटा


२७ ऑक्टोबर

दादा,

काल येऊन गेलो ते तुला कळलंच असेल. दुकानाला कुलूप होतं, म्हणून जिना चढलो. वहिनींनी अर्धंच दार उघडलं. आतून तुझ्या ताटाचा आवाज येत होता, तू खोकलास तोही ऐकला.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, 'भाऊजी, ते जेवतायत. दोन घास सुखाने जाऊ देत.'

'माझी पत्रं?'

'ते हात लावत नाहीत. मी वाचते.'

'मग?'

'मग काय! तिला विचारलं. हसली. म्हणाली, मला काय विचारतेस, काकाला विचार. त्याला सगळं माहीत आहे.' वहिनींनी माझ्यावर अशी नजर रोखली की मला पायरी दिसेना. 'काय माहीत आहे तुम्हाला, भाऊजी?'

मी म्हणालो, वेडी आहे पोरगी, काहीतरी बोलते. आणि खाली उतरलो.

तुझ्या आवाजाला मी दोन वर्षं तरसलोय आणि काल तो खोकल्यात ऐकून पळून आलो.

भिंगरीला केंद्रातून काढलं त्या बैठकीचं मी तुझ्याशी कधी बोललो नाही. बोलायला तू जागाच ठेवली नाहीस. लांब टेबल, पलीकडे पाच जण, अलीकडे तुम्ही दोघं. तू नवा शर्ट शिवून घातला होतास. भिंगरी सतरा वर्षांची, हात मांडीवर. संचालक तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, 'तुमचा नऊ आणि बाईंचा साडेपाच. कोण चुकलं?' खोलीत सगळे माझ्याकडे वळले. एकदा नऊ चुकला असं मान्य केलं की बाकीच्या पंधरा वर्षांच्या आकड्यांना कोण विचारणार? आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. 'आकडे चुकत नाहीत. पोरीच्या अंगात सगळं आहे, काळीज नाही. ती घाबरते.'

तू कागद घेतलास, तिचा हात धरलास. बाहेर व्हरांड्यात म्हणालास, 'आकडा वाचवलास, पोरगी घालवलीस. मला भाऊ नाही आजपासून.' एवढं नेमकं माप तू कपड्याचंही कधी घेतलं नव्हतंस.

वहिनींनी विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. आज देत नाही. आधी डॉक्टर, मग मी. तुला वाटेल मी सौदा करतोय. तसं नाही, मला भीती वाटते. उत्तर आधी दिलं तर तू रागाच्या भरात पत्र चुलीत घालशील आणि डॉक्टरांचं राहून जाईल. असं मी स्वतःला सांगतो. खरं असेलही.

आज सहा वाजून दहा मिनिटांनी अंधार पडला. मी गच्चीवर उभं राहून घड्याळ लावून बघितलं.

धाकटा


६ नोव्हेंबर

दादा,

वहिनींचा फोन येऊन गेला.

वळणावर उभी असलेली हातगाडी तिला दिसली नाही. दिवे लागले होते, रस्ता मोकळा होता, गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. कोपर सोललं, औषधाच्या बाटल्या फुटल्या. वहिनी म्हणाल्या, 'पोरगी रस्त्यात बसून काचा गोळा करत होती, आणि बाजूच्या काचा तिला दिसतच नव्हत्या. लोक दाखवत होते, ही बघ, ही बघ.' नशीब बलवत्तर म्हणून कोपरावर भागलं, दादा. मागून एखादी बस असती तर? मी हा विचार दिवसातून दहा वेळा करतो आणि दहाही वेळा अर्ध्यात सोडतो.

आणि मग तू तिला नेलंस. बरं केलंस. मी लिहिलं म्हणून नेलंस की कोपर बघून, मला जाणून घ्यायचं नाही.

पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, नजर मधल्या ठिपक्यावर, आणि कडेला कुठे उजेड चमकला की बटण दाबायचं. वहिनी सांगत होत्या, ठिपके चमकत होते ते बाहेर पडद्यावर आपल्याला दिसत होते आणि हिचा अंगठा हलत नव्हता. तू उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास, असं त्या म्हणाल्या. निघालेल्या कागदावर मधे बशीएवढं पांढरं, भोवती सगळं काळं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार. कडेकडून आत सरकतो, आधी अंधारातली नजर जाते. औषध नाही. हिचा वेग हळू आहे, मधलं बरीच वर्षं टिकेल, हेच काय ते सुख.

तू विचारलंस ना डॉक्टरांना, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, आजार तोच राहिला असता. वहिनींना वाटलं हे ऐकून मला हायसं वाटेल. म्हणाल्या, 'म्हणजे भाऊजी, तसा कुणाचा दोष नाही.' किती चांगली बाई आहे रे! पण डॉक्टर पुढे काय म्हणाले तेही त्यांनीच सांगितलं. आधी कळलं असतं तर शाळा, खेळ, काम सगळं बेतून आखता आलं असतं. निदान पोरीला कळलं असतं की आपल्याला काय होतंय. पाच वर्षं ती स्वतःला भित्री समजत राहिली. हा आजार नव्हता, दादा. हा मी होतो.

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेलो. म्हटलं, तिची फाइल काढा, मला दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, 'ती मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. बंद फाइल कशाला उकरता?' म्हटलं, तिच्यात मी लिहिलेलं खोटं आहे. ते म्हणाले, 'चुकीचं म्हणा, खोटं कशाला म्हणता?' मग समजावणीच्या सुरात, 'आणि लिहिणार काय? चार कारणांत डोळे बसत नाहीत.'

बैल गेला आणि झोपा केला, ते कळतं मला. तरी कपाट उघडलं. सहाही फॉर्मवरचा 'स्वभाव' खोडला, शेजारी लिहिलं, 'कडेची नजर नाही. खेळाडूचा दोष नाही. तपासणाऱ्याचा आहे.' सही केली, तारीख घातली. संचालक दारात उभे राहून बघत होते. बंद कागदपत्रांत खाडाखोड केली म्हणून मला घरी बसवलंय. चौकशी होईल म्हणतात. होऊ दे. माळीबुवा फाटकापर्यंत सोडायला आले आणि जाता-जाता म्हणाले, 'साहेब, तुम्ही नळी लावून उडालात तेव्हा मी हसायला नको होतं.' त्यांना काय सांगू?

या पत्रात 'माफ कर' असं तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. कागद घाण दिसतोय, समजून घे. तुझ्याकडून काय हवंय तेच मला नीट सांगता येत नाही. जिन्यात आलो तर पूर्ण दार उघड, एवढं चालेल. तेवढंसुद्धा मागायला तोंड नाही मला, हे जाणून मागतोय.

धाकटा


१४ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझ्या बाबांची चिठ्ठी आली. दोन वर्षांनी त्यांचं अक्षर बघितलं. कापडाच्या मापांचा कागद फाडून मागे लिहिलंय, 'मला लिहू नकोस. लिहायचं तर तिला लिही. अक्षर मोठं काढू नकोस, मधलं तिला नीट दिसतं.'

मी खरंच मोठं अक्षर काढायला बसलो होतो गं. अर्धं पान झालं होतं. फाडलं. अजून माझं मोजमाप चुकतंच आहे.

वहिनी म्हणाल्या की तुझ्या बाबांनी माझी चारही पत्रं एका बैठकीत वाचली आणि मग दुकान उघडायला गेले. त्या चार पत्रांत मी पुष्कळ कबुल्या दिल्यात. स्वतःला झोडलं, थोडं रडलो, म्हणीसुद्धा घातल्या. वाचणाऱ्याला वाटेल, माणूस किती खरं बोलतोय. जी गोष्ट सांगायची होती तेवढी सोडून बाकी सगळी सांगितली. तू आईला म्हणालीस ना, काकाला विचार? तू बरोबर माणसाकडे पाठवलं होतंस.

तू चौदा वर्षांची होतीस. सराव संपला होता, दिवे चालू होते, तू बाकावर बसून बूट काढत होतीस. मी वही मिटत होतो. तू म्हणालीस, 'काका, दिवे लागले की चेंडू मधेच नाहीसा होतो. आणि बाजूची पोरगी एकदम अंगावर येते. आधी दिसतच नाही.'

मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. 'नाहीसा-बिहीसा काही होत नाही. मान हलवत राहा. इकडे बघ, तिकडे बघ, थांबूच नकोस. आणि हे कुणाला सांगत बसू नकोस. बाबांनापण नाही. यादीतून नाव काढतील.'

तीन आठवड्यांवर निवड आली होती. तुझ्या नावापुढे माझा नऊ लागून गेला होता आणि तो दिल्यापासून केंद्रात लोक मला जरा वाकून बोलायला लागले होते. मला वाटलं, वयात येणाऱ्या पोरी काहीबाही बोलतात. नाही, हेही खोटं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी ऐकलं, आणि तुझ्या बुटांकडे बघून म्हणालो, लेस नीट बांधत जा.

तू मान हलवायला लागलीस. आणि मी मोजायला लागलो. पहिल्या महिन्यात पाच, मग सहा, मग आठ. पोरी, मीच तुला शिकवलं आणि मीच 'उपजत' म्हणून लिहिलं. प्रशिक्षकबाई म्हणायच्या, हिला हे कुणी शिकवलं? मी म्हणायचो, कुणी नाही, देणगी आहे. आणि खरंच मानायचो की काय कोण जाणे. माणूस स्वतःला केवढं फसवू शकतो ते दहापैकी मोजायला अजून कुणी घड्याळ काढलेलं नाही.

तुझ्या बाबांनी एकदा मला विचारलं, डोळे दाखवू या का. बाकावरच्या त्या संध्याकाळनंतरची गोष्ट आहे ही. मला माहीत असताना विचारलं त्यांनी. आणि मी त्यांना तक्त्याची खालची ओळ सांगितली. पत्रात मी हा प्रसंग त्यांना लिहिला, पण आधीचा नाही लिहिला, म्हणून तो नुसता अडाणीपणा वाटला. फिजिओने विचारल्यावर मला उलगडा झाला, असंही लिहिलं. उलगडा कसला? ती बोलली तेव्हा मला तो बाक दिसला. आता कुणीतरी तिसरं माणूस शोधून काढणार, त्याआधी आपणच शोधलं असं दाखवावं, म्हणून मी त्या दिवशी वह्या काढल्या. पुढे तू स्कूटरवर आहेस हे कळलं आणि मग खरा घाबरलो. तेवढं मात्र खरं, बघ.

आणि ती बैठक. मी 'ती घाबरते' म्हणालो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. सरळ, मधोमध. मला वाटलं, संपलं, आता ही बोलणार. एक वाक्य पुरलं असतं. 'काकाला मी सांगितलं होतं.' माझी नोकरी, माझा नऊ, सगळं तिथल्या तिथे खलास झालं असतं. मी टेबलाची कड धरून बसलो होतो.

तू खाली बघितलंस आणि गप्प राहिलीस. कुणाला सांगू नकोस म्हणालो होतो ना मी. सतरा वर्षांची पोर, शेजारी नवा शर्ट घालून बाप बसलेला, पाच अनोळखी माणसं तुला भित्री ठरवतायत, आणि तू मला दिलेला शब्द पाळत होतीस. घरी जाऊनही पाळलास. दोन वर्षं पाळलास. आई विचारायला आली तरी तू स्वतः सांगितलं नाहीस, माझ्याकडे पाठवलंस.

तीन वर्षं, बशीएवढ्या उजेडातून बघत, एकवीस जणींच्या धक्काबुक्कीत तू पळालीस. कुठून कोण येऊन आदळेल ते माहीत नसताना पळालीस. तिला मी काळीज नाही म्हणालो. मला तुझ्यापुढे माझी इतकी लाज वाटते, भिंगरी, की हे लिहिताना पेन खाली ठेवून दोनदा उठलो.

भेटायला ये म्हणत नाही. उत्तर दे म्हणत नाही. तुझ्या बाबांना जिन्याचं दार पूर्ण उघडायला सांगितलं होतं, ती मागणीसुद्धा परत घेतो. आधी त्यांना कळू दे दाराबाहेर कोण उभं आहे ते.

हे मी त्यांना स्वतः लिहायला हवं होतं. चार वेळा बसलो आणि चारही वेळा मला धीर झाला नाही. कुणाला सांगू नकोस असं मी तुला बजावलं होतं, ते आता संपलं. तुझं वाचून झालं की हे पत्र बाबांना वाचायला दे.

काका